माणसाआधी वासरू : हृदय-साहाय्यक पंपाची पहिली परीक्षा

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात टेक्सस हार्ट इन्स्टिट्यूट ही हृदयरोगावर संशोधन करणारी नामवंत संस्था आहे. २०११ साली तेथील प्रयोगशाळेत ॲबिगेल नावाची आठ महिन्यांची एक कालवड होती. ती उभी राहत होती, चारा खात होती, आल्यागेल्याकडे मान वळवून पाहत होती. मात्र तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, तर ठोका ऐकू येत नव्हता. नाडी लागत नव्हती. हृदयाचा आलेख काढला, तर कागदावर सरळ रेषा उमटत होती. डॉ. बड फ्रेझियर आणि डॉ. बिली कोन यांनी तिचे हृदय काढून त्या जागी सतत फिरणारे दोन पंप बसविले होते.

हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णाच्या छातीत आज जे रक्तपंप बसविले जातात, ते सारे आधी अशाच मुक्या प्राण्यांच्या छातीत फिरले आहेत. या परीक्षेने अनेक प्रश्नांची उत्तरे दिली आणि काही प्रश्नांना स्पर्शही केला नाही. न विचारलेल्या त्या प्रश्नांची किंमत पुढे रुग्णांना मोजावी लागली. ही परीक्षा नेमकी कशी होते, ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, याचा हा आढावा.

पंपाचे काम

निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. दिवसभराचा हिशेब सात हजार लिटरच्या पुढे जातो. यातील मुख्य भार हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यावर, म्हणजे डाव्या जवनिकेवर असतो. झटक्यामुळे किंवा स्नायूच्या आजारामुळे ही जवनिका थकली, की फुप्फुसांत पाणी साठते, मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही आणि रुग्णाला चार पावले चालणेही कठीण होते. दुसऱ्याचे हृदय बसविणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. परंतु दात्यांची संख्या गरजेच्या मानाने सर्वत्र अत्यल्प आहे.

अशा वेळी हृदय जागेवरच ठेवून त्याच्या मदतीला पंप दिला जातो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एल-व्हॅड’ म्हणतात. पंपाचे तोंड डाव्या जवनिकेच्या टोकात बसते, तेथून रक्त आत येते आणि कृत्रिम नळीवाटे महारोहिणीत जाते. विजेची तार पोटाच्या त्वचेतून बाहेर काढून कमरेच्या बॅटरीला जोडलेली असते.

कुत्र्यापासून वासरापर्यंत

या संशोधनाची सुरुवात कुत्र्यांपासून झाली. सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमिर देमिखॉव्ह यांनी १९३७ मध्ये एका कुत्र्याचे रक्ताभिसरण यांत्रिक पंपाच्या साहाय्याने सुमारे साडेपाच तास चालू ठेवले. १९५७ मध्ये अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. विलेम कॉल्फ आणि डॉ. तेत्सुझो आकुत्सु यांनी पूर्ण कृत्रिम हृदयावर एक कुत्रा दीड तास जगविला. १९६४ मध्ये अमेरिकी सरकारने कृत्रिम हृदयाचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डिबेकी यांनी झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर संकटात सापडलेल्या ३७ वर्षांच्या एका महिलेला साहाय्यक पंपावर दहा दिवस ठेवले. तिचे हृदय सावरले, पंप काढण्यात आला आणि ती घरी गेली.

प्राण्यांवरील परीक्षा पुरती न करता पुढे जाण्याचे परिणामही याच शहराने पाहिले. एप्रिल १९६९ मध्ये डॉ. डेंटन कूली यांनी ४७ वर्षांच्या एका रुग्णाला पूर्ण कृत्रिम हृदय बसविले. डिबेकी यांच्या प्रयोगशाळेत विकसित होत असलेल्या या प्रकारच्या हृदयाची वासरांवर चाचणी सुरू होती. परंतु त्यांपैकी एकही वासरू दीर्घकाळ जगले नव्हते. रुग्ण त्या यंत्रावर सुमारे ६४ तास जगला. त्याला नंतर दात्याचे हृदय मिळाले, तरीही तो दीड दिवसातच दगावला. यंत्र पुरेसे तपासले होते का आणि परवानगी कोणी दिली, या प्रश्नांवरून दोन दिग्गज शल्यविशारदांमध्ये जे वितुष्ट आले, ते २००७ पर्यंत टिकले. ‘प्राण्यावर किती दिवस?’ हा प्रश्न तेव्हापासून केवळ प्रयोगशाळेतला राहिला नाही.

पुढे अमेरिकेच्या उटाह विद्यापीठात ‘जार्विक-५’ या कृत्रिम हृदयावर एक वासरू २६८ दिवस जगले. संशोधकांनी त्याला आल्फ्रेड लॉर्ड टेनिसन या कवीचे नाव दिले होते. डिसेंबर १९८२ मध्ये ‘जार्विक-७’ हे कृत्रिम हृदय बार्नी क्लार्क या दंतवैद्याला बसविण्यात आले. ते ११२ दिवस जगले.

वासरूच का?

कुत्र्याची छाती लहान असते. प्रौढ माणसासाठी बनविलेला पंप तीत मावत नाही. त्या मानाने ७० ते १०० किलो वजनाच्या वासराचे हृदय आणि रक्ताचा प्रवाह प्रौढ माणसाशी बऱ्यापैकी जुळतो. जनावर शांत असते, माणसाळते आणि शस्त्रक्रियेनंतर लवकर उभे राहते. चारा-पाणी, तापमान, रक्ताचे नमुने या रोजच्या गोष्टी त्याच्या बाबतीत सोप्या जातात.

मोठी अडचण एकच असते आणि ती म्हणजे त्याची वाढ. वासराचे वजन दिवसाला पाऊण ते एक किलोने वाढते. तीन महिन्यांत त्याच्या शरीराची रक्ताची मागणी पंपाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागते. त्यामुळे दीर्घकालीन चाचणीसाठी पूर्ण वाढलेली मेंढी अनेकदा पसंत केली जाते. जपानमध्ये बकऱ्यांवर मोठे काम झाले. डुकराच्या हृदयाची रक्तवाहिन्यांची रचना माणसाच्या जवळची असली, तरी ते झपाट्याने वाढते आणि सांभाळण्यास अवघड असते. म्हणून ते मुख्यत्वे काही तासांच्या चाचण्यांत वापरले जाते.

परीक्षेचे टप्पे

प्राण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी पंपाला टेबलावरची परीक्षा द्यावी लागते. नळ्या आणि टाक्यांचे एक बंद वर्तुळ तयार करून त्यात पाणी आणि ग्लिसरीनचे मिश्रण फिरविले जाते. त्याचा दाटपणा रक्ताइतका ठेवलेला असतो. त्यानंतर खऱ्या रक्ताची पाळी येते. त्यासाठी बहुतेक वेळा कत्तलखान्यातून आणलेले गायीचे वा डुकराचे रक्त वापरतात. प्रचलित मानकानुसार मिनिटाला पाच लिटर प्रवाह आणि १०० मिलिमीटर दाब ठेवून हे रक्त सहा तास फिरवायचे आणि किती तांबड्या पेशी फुटल्या ते मोजायचे. गायीच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींहून आकाराने लहान असतात, त्यामुळे या मोजमापाकडेही सावधपणे पाहावे लागते.

त्यानंतर जिवंत प्राण्यावर आधी काही तासांची चाचणी होते. तीत शस्त्रक्रियेची पद्धत, नळीची लांबी, पंपाची बैठक ठरते. खरी कसोटी ३०, ६० किंवा ९० दिवसांच्या चाचणीत लागते. जनावराला पूर्ण भूल देऊन डाव्या बाजूने बरगड्यांमधून छाती उघडली जाते, पंप जवनिकेच्या टोकात बसविला जातो, नळी महारोहिणीला शिवली जाते आणि विजेची तार पाठीजवळून बाहेर काढली जाते. जनावर शुद्धीवर आल्यावर त्याला अरुंद गव्हाणीत सैल बांधून ठेवतात. तेथे ते उठू-बसू शकते, पण तार ओढू शकत नाही. वेदनाशामके, प्रतिजैविके आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू असतात. काही चाचण्यांत त्याला फिरत्या पट्ट्यावर चालविलेही जाते, कारण श्रमाच्या वेळी पंप प्रवाह वाढवितो की नाही, हे विश्रांतीत कळत नाही.

दररोजच्या नोंदींत काही आकडे निर्णायक ठरतात. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील हिमोग्लोबिन रक्तद्रवात मिसळते. त्याचे प्रमाण चढू लागले, तर पंप रक्त दळतो आहे असे समजावे. क्रिएटिनिन वाढले तर मूत्रपिंडांना इजा होत आहे. प्लेटलेट्स घटल्या तर कोठेतरी गुठळी बनत असण्याची शक्यता असते. पंपाने ओढलेली वीज एकाएकी वाढली, तर आतल्या पात्याला काहीतरी अडते आहे.

ठरलेला दिवस आला, की जनावराला भूल देऊन वेदनारहित मृत्यू दिला जातो. परीक्षेचा सर्वांत महत्त्वाचा भाग यानंतर सुरू होतो. पंप उघडून त्याच्या प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे घेतली जातात. तांदळाच्या दाण्याएवढी गुठळीही नोंदली जाते. मूत्रपिंडांचे पातळ काप करून त्यांत मृत पेशींचे फिकट पट्टे आहेत का, हे पाहिले जाते. रक्ताच्या प्रवाहातून सुटलेली बारीक गुठळी तेथे अडकली असेल, तर तिची खूण तेथे सापडते. औपचारिक परवानगीसाठी करायच्या अशा चाचण्यांना प्रयोगशाळेच्या कामाचे कडक नियम लागू असतात. अमेरिकेने ते १९७८ मध्ये जाहीर केले.

पाते रक्त दळेल का?

सुरुवातीचे पंप हृदयाप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावत. त्यांत पिशव्या होत्या, झडपा होत्या आणि म्हणून झिजणारे भागही होते. यंत्र अवजड असल्याने लहान चणीच्या रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना ते बसत नसे. विहिरीवरच्या पंपासारखे सतत फिरणारे पाते वापरले तर यंत्र छोटे होईल, हे अभियंत्यांना ठाऊक होते. मात्र मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते रक्तपेशींचा चुराडा करील, असे वैद्यकीय वर्तुळात बहुतेकांना वाटत होते.

डॉ. रिचर्ड वॅम्पलर यांनी १९७६ मध्ये इजिप्तमधील एका खेड्यात शेतकऱ्यांना आर्किमिडीजच्या मळसूत्राने पाणी उपसताना पाहिले आणि तेथून त्यांना मळसूत्री रक्तपंपाची कल्पना सुचली. ‘हीमोपंप’ नावाचा हा चिमुकला पंप मिनिटाला २५ हजारांच्या आसपास फेरे घेत असे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने पेशींची अपेक्षेइतकी हानी केली नाही. पेशी अतिवेगाच्या प्रवाहातून अगदी क्षणभरच जातात, हे त्याचे कारण. १९८८ मध्ये फ्रेझियर यांनी तो प्रथम रुग्णासाठी वापरला. अनेक दशकांची समजूत अशा रीतीने खोटी ठरली.

डिबेकी यांच्या पुढच्या पंपाची कथा अमेरिकेची अंतराळ संस्था ‘नासा’ हिच्याशी जोडलेली आहे. नासातील अभियंते डेव्हिड सॉसियर यांच्यावर १९८४ मध्ये डिबेकी यांनी हृदय प्रत्यारोपण केले. बरे झाल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह पंपाच्या आराखड्याचे काम हाती घेतले. पहिल्या नमुन्यांत पेशी फुटत होत्या आणि गुठळ्या होत होत्या. रॉकेटच्या इंजिनातील इंधनप्रवाह अभ्यासण्यासाठी वापरली जाणारी महासंगणकावरील गणिते मग या पंपाला लावण्यात आली आणि पात्याची रचना बदलण्यात आली. त्यानंतर वासरांमध्ये खात्री करून घेण्यात आली. नोव्हेंबर १९९८ मध्ये हा पंप बर्लिनमध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसविण्यात आला.

‘जार्विक २०००’ हा तसाच दुसरा छोटा पंप. ह्यूस्टनमध्ये वासरांवर आणि इंग्लंडमधील ऑक्सफर्डमध्ये मेंढ्यांवर त्याची परीक्षा झाली. जून २००० मध्ये ऑक्सफर्डला डॉ. स्टीफन वेस्टबी यांनी तो पीटर हॉटन यांना बसविला. त्यांचे आयुष्य त्यावेळी काही आठवड्यांचेच उरले होते, असे डॉक्टर मानत होते. ते पुढे सात वर्षांहून अधिक काळ जगले.

प्राण्यांनी न सांगितलेले

परीक्षेत उत्तीर्ण झालेला पंप रुग्णात निर्धोक ठरेलच असे नाही. याचे पहिले कारण परीक्षार्थीच्या प्रकृतीत आहे. वासरू तरुण आणि निरोगी असते. त्याच्या रक्तवाहिन्या लवचीक असतात, मूत्रपिंडे ठणठणीत असतात. पंपाची गरज असलेला माणूस मात्र बहुधा वर्षानुवर्षे आजारी असतो आणि अनेकदा मधुमेह वा उच्च रक्तदाब घेऊन आलेला असतो.

दुसरे कारण शस्त्रक्रियेतील एका तपशिलात दडलेले आहे. चतुष्पाद प्राण्याच्या छातीची ठेवण अशी असते, की डाव्या बाजूने उघडल्यावर पंपाची नळी महारोहिणीच्या खाली उतरणाऱ्या भागाला शिवणे सोयीचे पडते. माणसात ती बहुधा वर चढणाऱ्या भागाला जोडली जाते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या या दोन भागांच्या मध्ये फुटतात. त्यामुळे वासराच्या पंपातून सुटलेली गुठळी बव्हंशी मूत्रपिंडांकडे जाते, तर माणसाच्या पंपातून सुटलेली गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. वासराची मूत्रपिंडे स्वच्छ निघाली, म्हणून माणसाचा मेंदू सुरक्षित राहील, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

तिसरे कारण काळाचे. प्राण्यावरची चाचणी सहसा तीन महिन्यांत संपते; रुग्णाला पंपावर वर्षे काढायची असतात. तारेच्या छिद्रातून होणारा जंतुसंसर्ग आणि आतड्यांतील रक्तस्राव ही या रुग्णांची मोठी दुखणी आहेत. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या एका मोठ्या प्रथिनाचे रेणू पंपातील वेगवान प्रवाहात तुटतात, हे या रक्तस्रावामागचे एक प्रमुख कारण आहे. त्याचे खरे गांभीर्य शेकडो रुग्णांचा पाठपुरावा झाल्यावरच लक्षात आले.

आकडेही हेच सांगतात. ‘हार्टमेट-२’ या पंपाला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. २०११ नंतर त्यात गुठळ्या होण्याचे प्रमाण एकाएकी वाढले. बसविल्यापासून तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचे प्रमाण मार्च २०११ पूर्वी २.२ टक्के होते. जानेवारी २०१३ पर्यंत ते ८.४ टक्क्यांवर गेले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. ‘एचव्हॅड’ या दुसऱ्या पंपाची ‘हार्टमेट-२’शी तुलना करणारी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ‘एचव्हॅड’ बसविलेल्या २९.७ टक्के रुग्णांना पक्षाघाताचा झटका आला, तर ‘हार्टमेट-२’च्या गटात हे प्रमाण १२.१ टक्के होते. वाढता मृत्युदर, मेंदूवरील दुष्परिणाम आणि थांबलेला पंप पुन्हा सुरू न होण्याच्या तक्रारी लक्षात घेऊन जून २०२१ मध्ये उत्पादक कंपनीने ‘एचव्हॅड’ची विक्री जगभर थांबविली. हे दोन्ही पंप प्राण्यांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले होते.

त्या अनुभवातून शिकून पुढची रचना आली. ‘हार्टमेट-३’मध्ये पाते चुंबकीय शक्तीने अधांतरी तरंगते. घासणारा सांधा नाही आणि रक्ताला जाण्यासाठी वाट रुंद ठेवलेली आहे. त्याला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या पंपावरील ५८.४ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. ‘हार्टमेट-२’च्या बाबतीत हे प्रमाण ४३.७ टक्के होते.

नाडीविना जीवन

ॲबिगेलच्या प्रयोगाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. रक्त स्पंदनांनी वाहिले नाही तर अवयव टिकतील का, हा वादाचा प्रश्न होता. फ्रेझियर आणि कोन यांनी अनेक वासरांवर प्रयोग करून त्याचे उत्तर शोधले. मार्च २०११ मध्ये मरणपंथाला लागलेल्या ५५ वर्षांच्या एका रुग्णाचे हृदय काढून तसेच दोन पंप बसविण्यात आले. तो महिन्याहून थोडा अधिक काळ जगला. मूळ आजाराने त्याचे इतर अवयव निकामी केले होते. पंप मात्र अखेरपर्यंत चालत होते.

ऑस्ट्रेलियन अभियंते डॅनियल टिम्स यांनी याच दिशेने ‘बायव्हॅकॉर’ हे पूर्ण कृत्रिम हृदय विकसित केले. त्यात फिरणारा भाग एकच आहे आणि तोही चुंबकाने तरंगता ठेवलेला आहे. मेंढ्या आणि वासरांवरील प्रदीर्घ चाचण्यांनंतर जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टन येथे ते प्रथम माणसाला बसविण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिडनीत ते बसविलेला एक रुग्ण त्यावर शंभराहून अधिक दिवस जगला, रुग्णालयातून घरी गेला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला दात्याचे हृदय मिळाले.

भारतातील चित्र

हृदयशस्त्रक्रियेतील प्राणिप्रयोग आपल्यालाही नवे नाहीत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले, त्यामागे कुत्र्यांवर केलेल्या शस्त्रक्रियांची अनेक वर्षे होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीची हृदयाची झडप तयार झाली. तिचे आधीचे नमुने सदोष ठरले. अखेरचा नमुना मेंढ्यांमध्ये टिकला, तेव्हा डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. आयआयटी कानपूरने अलीकडच्या काळात ‘हृदयंत्र’ या नावाने देशी हृदयपंपाचा प्रकल्प हाती घेतला आहे. परदेशी पंपाची किंमत बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असल्याने अशा प्रयत्नांकडे रुग्णांचे डोळे लागलेले असतात.

देशी पंपालाही प्राण्यांची परीक्षा टळणारी नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे. मोठ्या जनावरांवरील प्रयोगांना तिची परवानगी लागते. शस्त्रक्रिया भूल देऊनच व्हावी, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी वापरू नये आणि शुद्धीवर आल्यास तीव्र वेदना होतील अशा जनावराला बेशुद्धीतच मृत्यू द्यावा, अशी दक्षता कायद्याला अपेक्षित आहे.

पर्याय आणि प्रश्न

रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरावा, वापरायचाच झाल्यास संख्या कमीत कमी ठेवावी आणि त्याच्या यातना कमी कराव्यात. रक्तपंपांच्या क्षेत्रात पहिल्या दोन तत्त्वांना संगणकाने बळ दिले आहे. पूर्वी एकेक सदोष आराखडा वासराच्या छातीत जाऊन बाद होई. आज त्यांपैकी बरेच पडद्यावरच बाद होतात. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. पंपाची गोष्ट वेगळी आहे. रक्त गोठणे, जखम भरणे, जंतूंशी झुंजणे आणि हालचाल करणे हे सारे एकाच वेळी घडविणारे शरीर संगणकाला अद्याप उभे करता आलेले नाही.

म्हणून वासरू अजून काही काळ तरी या परीक्षेत राहील. त्याच्या मरणाला अर्थ हवा असेल, तर दोन गोष्टी पाळाव्या लागतील. टेबलावर आणि संगणकावर जे कळू शकते, ते कळून घेण्यासाठी जनावर वापरता कामा नये. आणि त्याने जे सांगितलेले नाही, ते त्याच्या नावावर खपविता कामा नये. १९६९ मध्ये वासरांचे उत्तर येण्यापूर्वीच यंत्र रुग्णाच्या छातीत गेले. ‘एचव्हॅड’च्या वेळी उत्तर आले होते, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे होते. नव्या पंपाची बातमी वाचताना ‘तो प्राण्यांवर यशस्वी ठरला’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या प्राण्यावर, किती दिवस आणि पुढे किती रुग्णांवर किती वर्षे, हे विचारल्याशिवाय त्या यशाचे मोल ठरत नाही.